अंबूबाई खवरे यांजकडून येणे

प्रमोदिनीला काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. काय गेलं ते ओघानं येईलच. मिळणार होत्या साताऱ्याच्या करंजे भागात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. किंमत एक लाख चाळीस हजार. त्यातले चाळीस हजार तिनं आठ वर्षांच्या नोकरीत, दुपारचा चहासुद्धा घरून बाटलीत नेऊन साठवलेले, आणि वरचे लाख नोकरदारांच्या सोसायटीकडून कर्जाऊ, मंजूर झाल्यात जमा. शिवाय काही गोष्टी अशा, की ज्यांची किंमत साठेखतात लिहीत नाहीत. वाईहून रोज सकाळची एस.टी. धरण्यातून सुटका, थोरल्या जाऊबाईंच्या दाराआडून येणाऱ्या टोमण्यांतून सुटका, दहावीतल्या सईला अभ्यासाला हक्काचा कोपरा, आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी! इसार म्हणून दहा हजार दिलेले. उरलेली रक्कम दसऱ्यापर्यंत द्यायची, नाही दिली तर इसार बुडाला, हे कलम तिनं सही करण्यापूर्वी दोनदा वाचलं होतं. जिल्हा परिषदेत कारकून होती ती. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा तिचा बाणा. अशा बाईला गाठलं ते तिनं सहीच न केलेल्या एका कागदानं!

सत्त्याण्णव सालच्या आषाढातला रविवार होता. वाईच्या घराच्या पुढच्या भागात थोरल्या दिरांचं, म्हणजे अण्णांचं किराणा दुकान. त्या दुकानाच्या पायरीशी एक मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरून खाली उतरलेल्या, मिशीला तेल लावलेल्या एका धिप्पाड गृहस्थानं साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं,

"अंबूबाई खवरे इथंच ऱ्हात्यात न्हवं?"

"कोण अंबूबाई?" थोरल्या जाऊबाईंनी दारातूनच फटकारलं. "इथं कुणी अंबूबिंबू राहत नाही. पुढं बघा."

आणि आत चुलीपुढं बसलेल्या प्रमोदिनीचा उलथणं धरलेला हात तसाच थांबला... तव्यावरची पोळी करपू लागली, तरी थांबला. अठरा वर्षांत ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं! शिराळ्याच्या केरबा खवऱ्यांची थोरली लेक अंबू लग्न होऊन वाईला आली, तेव्हा सासूबाईंना ते नाव फार गावरान वाटलं होतं. ताटात तांदूळ पसरून, नवऱ्याच्या हाती अंगठी देऊन त्यांनी त्यावर 'प्रमोदिनी' लिहून घेतलं, आणि अंबू त्या दिवशी त्या तांदळातच राहिली. पुढं नवरा गेला, त्याच्या जागेवर तिला नोकरी लागली. पण नाव त्यानं लिहिलेलंच होतं.

ती पदर सावरत बाहेर आली. "मी... मीच ती. काय काम आहे?"

"आता कसं!" गृहस्थ प्रसन्न हसला. "मी दादासो. पोलिसात हवालदार हुतो, आता माधवनगरच्या पतसंस्थेची वसुली बघतो. ताई, तुमचे बंधू जोतीराम केरबा खवरे, यांनी एक्याण्णवच्या मार्चमधी कापडाच्या मागासाठी तीस हजार उचलले. वर्षभर हप्ते भरले, मग माग बंद आन् हप्ते बी बंद. एक जामीनदार कोंडीबा, ते वारले. दुसऱ्या जामीनदार तुमी. मुद्दल, व्याज, दंडव्याज, नोटीस-खर्च धरून एकसष्ट हजार तीनशे चाळीस. ह्यो सहायक निबंधकांचा वसुली दाखला."

"मी कुणाला जामीन नाही!" प्रमोदिनीचा आवाज चिरकला. "मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही!"

"समदेच असं म्हणत्यात," दादासो समजुतीनं म्हणाला. "पाच वर्सं तुमाला हुडकतोय. साताऱ्याच्या हापिसात अंबूबाई खवरे कुणालाच ठाव न्हाई. शेवटी शिराळ्यात एका कासाराला विचारलं, बाबा, अंबूच्या लग्नाचा चुडा कुठल्या गावच्या माणसांनी नेला? त्यानं वाईचं नाव सांगितलं. आवं ताई, आमी पयल्यागत दारात ढोल वाजवत न्हाई. आमी फकस्त जरा मोठ्यानं बोलतो."

आणि खरंच, ढोलाची काही गरज उरली नव्हती. समोरच्या शिंप्याचं यंत्र थांबलं होतं, दुकानात साखर घ्यायला आलेल्या दोघीजणी साखर विसरल्या होत्या.

"पिसाळांच्या सुनेच्या नावानं वसुली!" अण्णा गल्ल्यावरून उठत म्हणाले. "आमच्या पायरीवर! प्रमोदिनी, हे तुझ्या माहेरचं तू निस्तर. पण दुकानाच्या उधारीवर याचा डाग पडला तर मला सांगू नकोस."

"घर घ्यायला निघाल्या होत्या ना," जाऊबाई आतल्या खोलीला ऐकवावं तशा म्हणाल्या. "घ्या आता!"

अपमानानं प्रमोदिनीचं अंतःकरण होरपळून गेलं... पण ती रडली नाही. रडण्याआधी कागद वाचून घ्यायची तिची सवय होती.

सोमवारी साताऱ्याच्या कचेरीत दादासोच्या मोटारसायकलवरून तो कागद तिच्याआधी पोचला होता. सोसायटीचे सेक्रेटरी नाथाजी मोठे मृदू गृहस्थ. कुणाला वाईट सांगायचं असलं की आधी तंबाखू चोळायला घेत.

"मॅडम, कर्ज मंजूर आहे," ते चोळता चोळता म्हणाले, "पण थकबाकीदारांच्या यादीत नाव आल्यावर आमचे हात बांधले. तुम्ही तेवढा त्या पतसंस्थेचा ना-देय दाखला आणा. एवढंसं चिठोरं. मी त्याच दिवशी चेक काढतो."

एवढंसं चिठोरं! त्यासाठी प्रमोदिनीनं किरकोळ रजा टाकली आणि सातारा, कऱ्हाड, सांगली अशी एस.टी. बदलत माधवनगर गाठलं. पतसंस्थेचा मॅनेजर तिचं सगळं ऐकून घेऊन अतिशय अदबीनं म्हणाला,

"बाई, प्रमोदिनी पिसाळ या नावावर आमच्याकडं एक पैसा येणं नाही. आत्ता दाखला टाइप करून देतो!"

तिला हायसं वाटलं. किती सोपं होतं!

"फक्त," तो पुढं म्हणाला, "तुम्ही अंबूबाई खवरे नाही, एवढं लिहून द्या."

"ते कसं लिहून देऊ? माझ्या शाळेच्या दाखल्यावर अंबूबाई आहे. सेवापुस्तकात पूर्वीचं नाव म्हणून अंबूबाई आहे."

"मग तुम्ही अंबूबाई आहात. मग तुमच्याकडं येणं आहे!"

"पण मी जामीन राहिलेच नाही!"

"ते सिद्ध करा."

"मूळ कागद दाखवा, सिद्ध करते."

"तो वकिलांकडं आहे."

दुसऱ्या खेपेला वकिलांनी सांगितलं, कागद संस्थेकडं आहे. तिसऱ्या खेपेला संस्थेत हिशेब तपासनीस बसले होते, 'पुढच्या पंधरवड्यात या.' चौथ्या खेपेला नक्कल मिळाली. तीवर 'जामीनदार क्रमांक दोन' यापुढं टंकलेखकानं सराईतपणे 'सही' असं टाइप करून तिरकी रेघ मारलेली. कुणाची सही, कसली सही, देव जाणे! चार खेपांत चार किरकोळ रजा गेल्या, भाड्याचे पैसे गेले, आणि दर खेपेला मॅनेजर 'बसा ना बाई' म्हणून जी खुर्ची पुढं करी, तिचा एक पाय प्रत्येक वेळी हालत होता. तीनशे माणसांच्या पगाराचा ताळा बसवणारी बाई, आणि स्वतःच्याच नावाचा ताळा तिला बसवता येईना! कधीकधी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती संतापानं स्वतःशीच पुटपुटे, 'मी नाही, मी नाही, मी नाही...' शेजारची बाई मग सावरून जरा दूर बसायची.

एक मात्र तिच्या मनात पक्कं झालं होतं. सही केली असेल तर ती जोतीरामनंच. लहानपणी तिच्या वहीतून गृहपाठ उतरवणाऱ्या त्या हातानं!

नागपंचमीला शिराळ्याच्या लेकीबाळी जिथं असतील तिथून माहेरी येतात. आदल्या दिवशी बहिणीनं भावासाठी उपास धरायचा, भावाला आयुष्य मागायचं. प्रमोदिनीनं यंदाही उपास धरला. संताप आपल्या जागी, व्रत आपल्या जागी. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि पिशवीत एकसष्ट हजारांची नोटीस, अशी ती माहेरच्या उंबऱ्यात उभी राहिली.

जोतीराम ओट्यावर बसून ट्रॅक्टरच्या पट्ट्याला टाके घालत होता. माग बंद पडल्यापासून दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. तिला बघून तो उठला, आणि तिच्या हातातला कागद बघून पुन्हा बसला.

"आक्का, तू येशील असं वाटलंच हुतं."

"वाटलं होतं? मग सहा वर्षांत एक कार्ड तरी टाकायचंस! आज माझा उपास आहे जोती. तुझ्यासाठी. उपाशी पोटी विचारते, खोटं बोलू नकोस. माझी सही तू केलीस का?"

"न्हाई."

"जोती!"

"नागोबाची आन घेऊन सांगतो आक्का, तुझी सही म्या केली न्हाई! कर्ज माझं हाय, बुडवलं बी म्याच. सूत महाग झालं, कापडाला गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई, दोन्ही माग शेडमधी गंजून पडल्यात. मला चोर म्हण, नालायक म्हण. पर सही म्या केली न्हाई."

"मग कुणी केली? कागदानं आपली आपण केली?"

जोतीराम मान खाली घालून टाका ओढत राहिला. आत चुलीपाशी त्यांची आई, बनुबाई, पाठ करून बसली होती. तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं, पण ती वळली नाही... काही बोलली नाही. प्रमोदिनीला त्या पाठमोऱ्या मौनाचा अर्थ आरशासारखा स्वच्छ दिसला. लेकाला वाचवायचंय! लेक काय, दिल्या घरची! अठरा वर्षांचं माहेर त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांदेखत वाळून कोळ झालं.

"येते मी," ती म्हणाली.

"अंबू..." बनुबाई आता उठून दारापर्यंत आली. "उपास तरी सोडून जा गं माझे बाय."

"राहू दे आई. तुझ्या लेकाला आयुष्य मागितलंय. ते पुरेल त्याला."

ती निघाली. एस.टी. स्टँडवर सगळीकडून माहेरवाशिणी उतरत होत्या, हिरव्या बांगड्या वाजत होत्या. भरल्या सणात माहेराहून उलट निघालेली ती एकटीच होती.

मग मात्र तिनं कारकुनी हत्यार बाहेर काढलं. सांगलीच्या सहायक निबंधकांना रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज, एक प्रत संस्थेला, एक स्वतःजवळ, पोचपावत्या टाचणीनं लावून. उपयोग झाला. सुनावणीची तारीख लागली, एकोणतीस सप्टेंबर, दसऱ्याच्या बारा दिवस आधी. आणि त्याआधी आठवडाभर मॅनेजरला नाइलाजानं मूळ कागद तिच्यापुढं ठेवावा लागला. दादासोही तिथंच बसला होता, वसुलीवर दहा टक्के असल्यामुळं त्याला या प्रकरणात कौटुंबिक जिव्हाळा होता.

पिवळा पडलेला फॉर्म. जामीनदार क्रमांक दोन. अंबूबाई केरबा खवरे, नोकरी जिल्हा परिषद सातारा. त्यापुढं जांभळ्या शाईत... अंगठा!

प्रमोदिनी क्षणभर बघतच राहिली, आणि मग मोठमोठ्यानं हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा!

"मॅनेजरसाहेब, मी मॅट्रिक आहे हो! दिवसाला शंभर सह्या ठोकते मी! जिल्हा परिषदेची कारकून अंगठा लावते होय? आणि तुम्ही खाली लिहून दिलंय, 'माझ्यासमक्ष'!"

मॅनेजरचा चेहरा पडला. दादासोनं खुर्ची पुढं ओढली. "आयला! ताई, जितलं की तुमी!"

"तसं असेल तर," मॅनेजर घाईनं सावरत म्हणाला, "तुमच्या अंगठ्याचा ठसा घेऊ, तज्ज्ञाकडं पाठवू. जुळला नाही की तुमचं नाव यादीतून त्याच दिवशी कमी. आणि ज्या कुणी बाईनं तोतयेगिरी केली, तिच्यावर फौजदारी. संस्था सोडणार नाही तिला!"

"नका सोडू!" प्रमोदिनी आवेशानं म्हणाली, आणि विजयी मुद्रेनं तिनं तो ठसा पुन्हा एकदा पाहिला.

ठशाच्या मधोमध तिरकी पांढरी रेघ होती. बारीक, कोऱ्या कागदाची. तेवढ्या जागी शाई उठलीच नव्हती.

तिचं हसू ओठांवरच गोठलं.

मॅट्रिकचा फॉर्म भरायचं साल. फीचे पैसे नव्हते. आई लोकांच्या बांधावर रोजानं गवत कापायला जायची, आणि एक दिवस विळा निसटून तिचा अंगठा तिरका चिरला होता. हळद दाबून, चिंधी बांधून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. 'अंबूची फी भरायची हाय,' म्हणाली. जखम भरली, पण अंगठ्यावर ती खाच कायमची राहिली. त्या खाचेवर फुंकर घालत अंबू किती रात्री झोपली होती... तो ठसा ओळखायला जगातल्या कुठल्या तज्ज्ञाची गरज होती!

"काय झालं ताई?" दादासोनं विचारलं. हवालदारकीत मुरलेली नजर. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, ठशाकडं पाहिलं, आणि बहुधा तोही समजला. पण त्यानं फक्त पान तोंडात टाकलं.

वाईला परतल्यावर संध्याकाळी तिनं सईला सगळं सांगितलं. दुकानामागच्या त्यांच्या एकुलत्या खोलीत मायलेकींखेरीज गुपित सांगायला तिसरं होतंच कोण!

"मग आता?" सईनं विचारलं.

"सुनावणीत सांगणार, अंगठा माझाच आहे. त्या दिवशी हाताला लागलं होतं, सही करता येत नव्हती, असं काहीतरी. पगारातून कापून घ्या म्हणणार."

"आणि घर?"

प्रमोदिनीनं साठेखत घडी घालून फायलीत ठेवून दिलं.

"आई, त्यांनी तुझं नाव वापरलं, म्हणून तू आता त्यांचा अंगठा वापरणार?" सईचे डोळे भरून आले. "तुला कुणी विचारलं होतं का? एकदा तरी? तू मात्र सगळं गुमान भरायचं! मी दहावीचा अभ्यास या पोत्यांमागं बसून करायचा! आज्जीला आई म्हणून लाज नाही वाटली, पण तुला लेक म्हणून वाटते!"

"सई, ती साठीची बाई आहे. तिला पोलीस चौकीत बसलेली बघून मी त्या पूर्वेच्या खिडकीतून काय बघू गं?"

सई पुस्तक घेऊन पोत्यांमागं जाऊन बसली. पण लेक तिच्याच वळणावर गेलेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिनं पोस्टातून अंतर्देशीय पत्र घेतलं आणि शिराळ्याच्या पत्त्यावर लिहिलं, 'आज्जी, आईनं तुझा अंगठा ओळखला आहे. ती तो स्वतःचा म्हणून सांगणार आहे. एकोणतीस तारखेला, सांगलीत, अकरा वाजता. मामाकडून हे मोठ्यानं वाचून घे.'

सहायक निबंधक साहेब वयानं तरुण पण कंटाळ्यानं म्हातारे होते. हजेरीच्या कागदावर प्रमोदिनीनं सही केली, आणि पुढं होऊन एका दमात सांगून टाकलं,

"साहेब, मी माझी तक्रार मागं घेते. अंगठा माझाच आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. हजेरीवरची ती झोकदार, रेघ ओढलेली सही पाहिली, मग फॉर्मवरचा अंगठा पाहिला. "बाई, अर्जात तुम्ही तीन पानं भरून लिहिलंय की हा तुमचा नाही. त्या तीन पानांत एक काना-मात्रा चुकलेली नाही. आणि आता म्हणता अंगठा?"

"हाताला... लागलं होतं."

"तिच्या न्हाई साहेब, माझ्या हाताला लागलं हुतं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात बनुबाई उभी होती. धुतलेलं लुगडं, पायात धुळीची वहाण, आणि मागं जोतीराम, मान खाली घालून. ती सरळ टेबलापर्यंत चालत आली आणि आपला अंगठा तिनं साहेबांच्या नाकासमोर धरला.

"ह्यो बघा. रेघ बघा. माझा हाय. पोरीला काय बी ठावं न्हाई."

"आई! गप्प बस!" प्रमोदिनी कळवळून ओरडली.

"लय गप बसले अंबू. पंचमीला तू उपाशी गेलीस आन् म्या गप बसले... त्या दिसापास्नं घास उतरत न्हाई." बनुबाई टेबलाकडं वळली. "साहेब, जोती कामाला हुता ती गिरण बंद पडली. पोरगं येड्यागत हिंडाय लागलं, हिरीकडं बघत बसायचं. माग घेतो म्हणला. संस्था म्हणली, पगारवाला जामीन आणा. पगारवाली आमच्यात एकच, माझी अंबू. पर तिचं कुंकू पुसून तीन वर्सं बी झाली नव्हती. तिला विचारलं असतं तर ती न्हाई म्हणली नसती, आन् तिकडं सासरचं दार बंद झालं असतं. म्हणून न्हाई विचारलं. मीच येऊन म्हणले, मी अंबूबाई."

"हा गुन्हा आहे, कळतंय का आजी?" साहेब म्हणाले.

"आता कळतंय. तवा न्हाई कळलं." ती लेकीकडं वळली. "नाव म्या ठेवलं हुतं गं तुझं. माझ्या आईचं नाव. तुझ्या सासरच्यांनी त्ये लग्नातच टाकून दिलं, परमोदिनी केलं. मला वाटलं, टाकलेलं नाव हाय, कुणाच्याच उपेगाचं न्हाई... म्या वापरलं तर कुणाचं काय जातंय? मला काय ठावं, कागद टाकलेलं बी उचलून ठेवत्यात!"

प्रमोदिनीला पुढचं काही दिसेना. अठरा वर्षं ज्या नावाकडं तिनं स्वतः वळून पाहिलं नव्हतं, ते तिच्या आईनं मनात कुठंतरी घडी घालून जपलं होतं... रागाचं, अपमानाचं, त्या पाठमोऱ्या मौनाचं ओझं तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं.

साहेबांनी घसा साफ केला. "दोन वाटा आहेत. आजींचा जबाब लिहून घेतो, पिसाळ बाई आज, आत्ता मोकळ्या, दाखला संध्याकाळपर्यंत हातात. पण मग फौजदारी होणार."

"साहेब, जरा दमानं," दादासो कोपऱ्यातून म्हणाला. "फौजदारी झाली तर पयला सवाल काय ईल? पन्नाशी उलटलेल्या अडाणी बाईला तिशीची कारकून म्हणून 'माझ्यासमक्ष' कुणी लिवून दिलं? आमी खात्यात हुतो. आत जाताना मॅनेजरसाहेब पुढं आन् आजी मागं!"

मॅनेजरनं घाईघाईनं तो फॉर्म आपल्याकडं ओढून घेतला. दुसरी वाट मग आपोआप रुंद झाली. दंडव्याज माफ, खर्च माफ, चव्वेचाळीस हजारांत तडजोड. पंधरा दिवसांत भरायचे. पैसे भरले की अंबूबाईचं नाव यादीतून कमी, दाखला संचालकांच्या बैठकीनंतर. बैठक दसऱ्यानंतरच्या शनिवारी.

"बाई, तुमच्या घराची मुदत दसऱ्यापर्यंतच आहे, अर्जात लिहिलंय तुम्ही," साहेब हळूच म्हणाले. "पहिली वाट घेतलीत तर तुमचं काही जात नाही."

प्रमोदिनीनं एकदा आईच्या त्या उचललेल्या अंगठ्याकडं पाहिलं. तो अजून तसाच हवेत होता, खाली घ्यायचा तिला सुचलंच नव्हतं. प्रमोदिनीनं तो हातात धरून खाली घेतला.

"तडजोडीचं लिहा साहेब."

बाहेर, कचेरीच्या आवारात, जोतीरामनं हिशेब मांडला. दोन्ही माग भंगारात घालून सोळा हजार येतील. आईच्या पाटल्या आणि बोरमाळ, सोनारानं साडेचौदा सांगितले होते. ते सोनं सकाळीच कमरेला बांधून आणलं होतं तिनं.

"साडेतेरा कमी पडत्यात," तो म्हणाला. "इस्लामपूरला एक जण हाय, टक्क्यानं देतो..."

"न्हाई," बनुबाई म्हणाली.

ती प्रमोदिनीसमोर येऊन उभी राहिली. काहीतरी फार जड उचलायचं असावं तसा तिनं श्वास घेतला.

"अंबू. तुझ्याकडं साडेतेरा हजार मागते. जोतीसाठी. तुझ्या घराचं हायत, त्ये ठावं हाय मला. देशील का? न्हाई म्हणलीस तरी तू माझी लेकच."

"आई," प्रमोदिनी रडता रडता म्हणाली, "हे सहा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

"तवा तू व्हय म्हणाली असतीस, त्याचंच भ्या हुतं. आज न्हाई म्हणशील, त्याचं भ्या हाय. तरी बी विचारते."

जोतीरामनं खाली बसून आक्काच्या पायावर डोकं टेकलं. ती त्याला उठवेना... थोडा वेळ राहू दे म्हणाली.

दसरा उजाडला आणि मावळला. करंज्याच्या घरमालकानं मुहूर्तावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चावी दिली, साठेखतातलं कलम दाखवलं, आणि इसार ठेवून घेतला. कायद्यानं त्याचं बरोबरच होतं. बैठकीनंतरच्या आठवड्यात पोस्टानं दाखला आला, एवढंसं चिठोरं. नाथाजींनी तो फायलीला लावला आणि म्हणाले, मॅडम, आता केव्हाही घर बघा, कर्ज कुठं जात नाही. सईनं पोत्यांमागचा दिवा थोडा पुढं ओढला आणि 'पुढच्या वर्षी' एवढंच म्हणाली.

तर जमाखर्च असा. मॅनेजरनं काही भरलं नाही. दादासोला चव्वेचाळीस हजारांवर दहा टक्क्यांनी चार हजार चारशे मिळाले. जोतीरामचे माग गेले, सोळा हजार. बनुबाईचं अंगावरचं सोनं गेलं, साडेचौदा हजार. प्रमोदिनीचे गेले इसाराचे दहा हजार, दोन महिन्यांतली सगळी किरकोळ रजा, पूर्वेची खिडकी, आणि साडेतेरा हजार रोख. या साऱ्यांत एवढे साडेतेराच काय ते तिच्याकडून मागून घेतलेले होते.